न्यूरोसायन्स शिकून पुढे काय?

कुंभकोणमहून बोलतोय. इथली मुलं विचारतात, "काका, न्यूरोसायन्स शिकलं की मेंदूचा डॉक्टर होता येतं?" तेवढ्यानं नाही.

पाय गमावलेल्या जवानाचा नसलेला पायही ठणकतो, हे मी फौजेत पाहिलंय. चेन्नईच्या स्टॅन्ले मेडिकल कॉलेजात शिकलेल्या व्ही. एस. रामचंद्रन यांनी त्यावर साधा आरसा वापरला. आरशात धडधाकट पाय दिसतो, गेलेला पाय हलतोय असं मेंदूला वाटतं, आणि काहींचा ठणका कमी होतो.

असं संशोधन करायचं, तर बीएस्सी, मग न्यूरोसायन्समध्ये एमएस्सी, पीएचडी. तोच आरसा रुग्णासमोर धरायचा, तर फिजिओथेरपीची पदवी. न्यूरोलॉजिस्ट व्हायचं, तर नीट, साडेपाच वर्षं एमबीबीएस, 3 वर्षं एमडी, 3 वर्षं डीएम.

म्हणून फी भरण्याआधी ठरवा: प्रयोगशाळा की रुग्ण?