एकटा हात, दोन कान



उसाची खोडकीड आणि द्राक्षाचा करपा यांवर मी आजवर पुष्कळ लिहिले. आज मोटारीच्या काचेवर लिहिणार आहे. दचकू नका. विषय शेतकऱ्याच्या घरातलाच आहे.

सातारा आणि सांगली जिल्ह्यांतून जाणारा पुणे-बंगळूर महामार्ग तुम्ही रोज पाहता. उंब्रजपासून पेठ नाक्यापर्यंत त्याच्या कडेला पत्र्याचे गाळे उभे आहेत. कुठे पंक्चर, कुठे सीट कव्हर, कुठे काचेला फिल्म. गाळ्यात बहुधा एकच मुलगा असतो आणि तो बहुधा आपल्यापैकीच कुणाच्या तरी घरचा असतो. दोन एकरांत दोन भावांचे भागत नाही, म्हणून धाकटा हुन्नर शिकून रस्त्यावर येतो.

कराडजवळच्या अशाच एका मुलाची ही हकीकत. त्याचे वडील, आबा, माझ्या जुन्या ओळखीचे ऊस बागायतदार. मुलगा पुण्यात दोन वर्षे फिल्मचे काम शिकला. आबांनी एक म्हैस विकली, सोसायटीचे थोडे कर्ज काढले आणि गाळा घेऊन दिला. हात चांगला होता. नाव झाले. नाव झाले तसे फोन वाढले.

मे महिना होता, लग्नसराई जोरात होती. माझ्या गाडीच्या काचेबद्दल विचारावे म्हणून दुपारी मी त्याला फोन केला. तो म्हणाला, "बोला साहेब." मी ऐसपैस बोलत बसलो. एकाएकी पलीकडून फुटाणे सांडावेत तसा आवाज आला आणि फोन बंद झाला. तो नवरदेवाच्या गाडीच्या मागच्या काचेवर फिल्म बसवत होता. फोन खांद्याला दाबलेला, हातात हीट गन. बोलण्याच्या नादात गन एकाच जागी राहिली आणि पाण्याने ओली झालेली काच तडकली. साडेसहा हजार रुपये त्याने पदरचे भरले. चूक त्याची म्हणायची, पण फोन माझा होता. ही गोष्ट माझ्या मनाला लागून राहिली.

पुढचे पंधरा दिवस त्याने फोन बंदच ठेवला. काचा फुटल्या नाहीत, पण गिऱ्हाईकही फुटले. "त्याचा फोन लागत नाही," एवढे एक वाक्य गावोगाव फिरायला पुरते. आबा म्हणाले, "साहेब, गाळा बंद करून पोराला ऊसतोडीच्या ट्रॅक्टरवर बसवावा म्हणतो." तेव्हा मी एक सुटीचा दिवस त्या गाळ्यात स्टुलावर बसून काढला.

वाफसा सांभाळा

हे काम कसे चालते ते आधी समजून घ्या. काच धुवायची, कडेची धूळ पात्याने काढायची. फिल्म काचेच्या बाहेरच्या बाजूने मापून कापायची. मग आतल्या बाजूला साबणाचे पाणी फवारायचे, फिल्मचा पाठीचा कागद सोलायचा, ती काचेवर सरकवत बसवायची आणि रबरी पट्टीने मधून कडेकडे पाणी काढायचे. कागद सोलल्यापासून पाणी निघेपर्यंत थांबता येत नाही. थांबलात तर वाऱ्याबरोबर धूळ येऊन चिकटते, घडी पडते आणि फिल्म फुकट जाते.

शेतकऱ्याला हे नवे नाही. जमिनीला वाफसा आला की पेरणी सोडून कोणी पाहुणचार करत नाही. गाईने पान्हा सोडला की धार अर्ध्यावर टाकून उठता येत नाही. काचेच्या कामातही असा वाफसा असतो. दर काचेमागे तो दहा-पंधरा मिनिटांचा. तेवढ्या वेळेत फोन नाही, चहा नाही, दारात उभ्या माणसाशी बोलणे नाही. फोन घ्यायचा तो एक काच संपून दुसरी सुरू होण्याच्या मधल्या वेळेत. कायम फोन बंद ठेवणेही नको आणि कायम कानाला लावणेही नको.

फोनची वर्गवारी

त्या दिवशी मी वहीत रेघा ओढल्या. संध्याकाळपर्यंत सव्वीस फोन आले. त्यांपैकी एकोणीस जणांना फक्त भाव विचारायचा होता. चौघांना 'आज होईल का' एवढेच हवे होते. दोघे जुने गिऱ्हाईक, फिल्मखाली पाण्याचे फुगे दिसतात म्हणून काळजीत. एक त्याच्या आईचा, जेवलास का म्हणून. एकाही फोनला हीट गन धरलेल्या माणसाची गरज नव्हती!

मग आम्ही घरी बसलो. मी त्यांना लक्ष्मणराव किर्लोस्करांची गोष्ट सांगितली. सांगली जिल्ह्यातली किर्लोस्करवाडी त्यांनी 1910 साली कुंडलजवळच्या माळावर वसवली हे पुष्कळांना ठाऊक आहे. पण सुरुवात 1888 साली बेळगावच्या सायकलच्या दुकानापासून झाली. लक्ष्मणराव मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली संस्थेत शिक्षक होते. ते मुंबईहून सायकली पाठवत आणि बेळगावात त्यांचे थोरले बंधू रामूअण्णा त्या विकत, गिऱ्हाईकाला चालवायलाही शिकवत. एकाचे लक्ष मालाकडे, दुसऱ्याचे माणसांकडे. एकट्याचा वाटणारा धंदासुद्धा असा घराच्या आधाराने उभा राहतो.

ऐकून त्याची बायको म्हणाली, "फोन माझ्याकडे द्या. दुपारी गोठ्यात मला वेळ असतो." मुलगी बारावी झालेली, बोलायला नेटकी. धंद्याचा फोन घरी आला. तिने वहीत पाच रकाने आखले : नाव, गाडी, जुनी फिल्म आहे की नाही, तारीख, बयाणा. जुनी फिल्म काढायला वेळ जातो, शिवाय मागच्या काचेवर वाफ घालवणाऱ्या बारीक तारा असतात, तिथे पाते चालवता येत नाही. म्हणून तो रकाना महत्त्वाचा. पूर्ण गाडीला तीन-चार तास लागतात, तेव्हा दिवसाला दोनच गाड्या लिहायच्या, तिसरी नाही. फुग्यांची तक्रार आली तर ती सांगते, "दादा, पाणी सुकायला दिवस लागतात. चार दिवस काच खाली करू नका. महिन्यानेही फुगे राहिले तर गाडी घेऊन या."

गाळ्यावर पाटी लागली : 'काच चालू असताना बोलता येत नाही. बसा, पाणी प्या.'

खोटे काम नको

आणखी एक गोष्ट, आणि ती फोनपेक्षा मोठी. गिऱ्हाईक येते आणि "एकदम काळी मार" म्हणते. अशा वेळी नाही म्हणायला शिकले पाहिजे. 1989 च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार पुढच्या व मागच्या काचेतून निदान 70 टक्के आणि बाजूच्या काचांतून 50 टक्के उजेड आरपार गेला पाहिजे. 27 एप्रिल 2012 रोजी सर्वोच्च न्यायालयाने काचेवर वरून कोणतीही फिल्म चिकटवण्यास मनाई केली आणि त्या वर्षी या धंद्यातले अनेक गाळे अडचणीत आले. पुढे नियमात बदल होऊन 1 एप्रिल 2021 पासून प्लॅस्टिकचा थर असलेल्या सुरक्षा-काचेला जागा मिळाली. 2024 साली केरळ उच्च न्यायालयाने 70 आणि 50 चे प्रमाण पाळणारी फिल्म चालते असा निकाल दिला. आपल्याकडे काम घेण्याआधी कराड, सातारा किंवा सांगलीच्या परिवहन कार्यालयात विचारून घ्यावे आणि फिल्मच्या प्रमाणाचा कागद गिऱ्हाईकाच्या हाती द्यावा. काळी फिल्म लावून दिली तर दंड गिऱ्हाईकाला होतो, पण नाव आपले जाते.

गिऱ्हाईकाला पटवायचे कसे? सांगावे की उन्हातली निम्मी ऊब डोळ्यांना न दिसणाऱ्या किरणांतून येते. त्यामुळे काच काळी दिसली म्हणजे गाडी थंड राहते असे नाही. उष्णता अडवणारी फिल्म जवळजवळ पारदर्शकही असते. रात्री उसाच्या बिनदिव्याच्या ट्रॉल्या रस्त्यावर असताना आरपार दिसणारी काचच जीव वाचवते.

शेवटी

सगळे सुरळीत झाले असे मी म्हणणार नाही. गावची माणसे अजूनही न विचारता गाडी घेऊन येतात आणि "आपलाच आहे" म्हणून आधी नंबर मागतात. त्यांना वही दाखवायची, हे त्याला अजून जड जाते. पण सोसायटीचा हप्ता वेळेवर जातो आहे आणि त्या मे महिन्यानंतर एकही काच फुटलेली नाही.

तुमच्या घरात असा कोणी गाळेवाला असेल तर तीन गोष्टी करा. त्याचा धंद्याचा फोन दिवसा घरातल्या एकाने सांभाळावा. त्याच्या हातांना जमेल तेवढेच काम वहीत लिहावे. आणि त्याला दुपारी फोन करून "काय चाललंय?" म्हणून विचारू नये. ते संध्याकाळी, जेवताना विचारावे. मीही आता तेच करतो.