निवृत्तीनंतर घरांची दलाली : घेणाऱ्यांना काय सांगावं लागतं



मंडळाच्या कार्यक्रमानंतर चहा घेताना आम्हाला दोन प्रश्न हमखास विचारले जातात. पहिला, "आमच्या मुलासाठी एखादा फ्लॅट बघा ना." दुसरा जरा हळू आवाजात, "निवृत्त झालोय, तुमच्यासारखं एजंटाचं काम सुरू करावं म्हणतो. जमेल का?" दोन्ही प्रश्नांना एकाच लेखात उत्तर देता येईल, कारण घर घेणाऱ्याने जे विचारायला हवं, तेच एजंटाने आपणहून आधी सांगायला हवं.

आम्ही म्हणजे आम्ही दोघे नवरा-बायको. एकाची नोकरी राष्ट्रीयीकृत बँकेत, त्यातली बरीच वर्षं कर्ज विभागात. दुसरीने घर सांभाळून शिकवण्या घेतल्या. निवृत्तीनंतर ओळखीतल्या दोन-तीन जणांची घरं विकून दिली आणि त्यातून हे काम मागे लागलं. कागद एकाने बघायचे, माणसं दुसरीने बघायची, अशी वाटणी आपोआप झाली. दुसरं काम जास्त कठीण आहे हे पहिल्याने आता मान्य केलं आहे.

घर घ्यायला आलेलं कुटुंब पहिल्या भेटीत एक आकडा सांगतं. "आमचं बजेट अठ्ठेचाळीस." हा आकडा जवळजवळ नेहमी चुकीचा असतो. खोटा नसतो, अर्धा असतो. वडोदऱ्यात बांधकाम चालू असलेल्या स्कीममध्ये ४८ लाखांचा फ्लॅट घेतला, तर ४.९ टक्के मुद्रांक शुल्क म्हणजे २,३५,२०० रुपये, एक टक्का नोंदणी फी ४८,००० आणि पाच टक्के जीएसटी २,४०,०००. झाले ५,२३,२०० रुपये. बँक या रकमेच्या घराला जास्तीत जास्त ८० टक्के कर्ज देते आणि हे शुल्क, फी, कर घराच्या किमतीत धरत नाही. म्हणजे ३८.४० लाख कर्ज, उरलेले ९.६० लाख आणि वरचे सव्वापाच लाख मिळून १४,८३,२०० रुपये स्वतःच्या खिशातून. साडेआठ टक्के व्याजाने वीस वर्षांचा हप्ता सुमारे ३३,३०० रुपये. सोसायटीची ठेव, पंखे, पडदे, स्वयंपाकघरातले कप्पे अजून दूरच आहेत.

हा हिशेब आम्ही घर दाखवायच्या आधी कागदावर लिहून देतो. काही जण त्यानंतर परत येत नाहीत. येतात ते खऱ्या आकड्यासह येतात. तयार घर, ज्याला बांधकाम वापराची परवानगी म्हणजे इथल्या बोलीत बी.यू. परमिशन मिळालेली आहे, त्यावर जीएसटी नाही, हे त्या कागदावर बघून अनेकांचा मोहरा बदलतो. आणखी एक गोष्ट सुनांना आवडते आणि सासऱ्यांना जरा विचारात पाडते : गुजरातमध्ये घर एकट्या स्त्रीच्या नावावर घेतलं तर नोंदणी फी माफ आहे. नवरा-बायको दोघांच्या नावावर घेतलं तर ती सूट मिळत नाही.

आकड्यानंतर मागण्या. पूर्वेचं दार, दोन बेडरूम, पार्किंग, शेजार चांगला. यातली निम्मी मागणी घर बघताना गळून पडते आणि न सांगितलेलीच महत्त्वाची ठरते. एक बाई स्वयंपाकघरात उभी राहून बराच वेळ खिडकीबाहेर बघत होत्या. नवरा हॉलची मापं घेत होता. त्यांना कपडे वाळत घालायला जागा दिसत नव्हती, पण एवढ्याशा गोष्टीसाठी घर नाकारायचं कसं, म्हणून गप्प होत्या. सौ.ने विचारलं तेव्हा बोलल्या. पुढची तीन घरं आम्ही वॉश एरिया बघूनच निवडली आणि त्यातलं एक घेतलं गेलं. म्हाताऱ्यांसोबत राहणाऱ्यांना आम्ही लिफ्टबद्दल नाही, लिफ्ट बंद पडली तर काय याबद्दल विचारतो.

आता जरा अवघड भाग. ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्रीला पूर आला तेव्हा अकोटा, समा, वडसर अशा भागांत घराघरांत पाणी शिरलं, हे आपल्यापैकी अनेकांनी भोगलं आहे. त्यानंतर काही महिन्यांनी ओळखीच्या एका गृहस्थांनी तळमजल्याचा फ्लॅट विकायला दिला. नवा रंग, नवी दारं. घेणारे एक निवृत्त जोडपं, काकूंचे गुडघे दुखतात म्हणून त्यांना तळमजलाच हवा होता. भावही जमण्यासारखा. घर बघताना सौ.च्या लक्षात आलं की सगळे प्लगपॉइंट कंबरेच्या वर आहेत, अगदी फ्रिजचासुद्धा. एवढ्या वर कोणी हौसेने बसवत नाही. समोरच्या बिऱ्हाडात विचारलं तर त्यांनी हात मांडीपर्यंत नेऊन दाखवला.

विकणाऱ्यांना आम्ही सांगितलं, घेणाऱ्यांना हे कळायला हवं. तुम्ही सांगा, नाहीतर आम्ही सांगतो. ते म्हणाले, "अहो, तुम्ही आमचे की त्यांचे? त्यांनी विचारलं तर खोटं बोलू नका. विचारलं नाही तर कशाला उकरून काढायचं?" हा प्रश्न अगदीच उडवून लावण्यासारखा नाही. त्यांचंही नुकसान झालं होतं, मुलीच्या लग्नासाठी पैसे हवे होते, आणि दलाली त्यांच्याकडूनही येणार होती. आम्ही दोन दिवस विचार केला. मग काका-काकूंना सांगितलं. त्यांनी घर घेतलं नाही. तो फ्लॅट दुसऱ्या एजंटाने महिन्याभरात विकला, आणि ते गृहस्थ पुढे वर्षभर कार्यक्रमात दिसले की दुसऱ्या रांगेत जाऊन बसत. काका-काकूंना नंतर मांजलपूरला पहिल्या मजल्यावर घर मिळालं.

"तुम्ही कोणाचे?" हा प्रश्न घेणाऱ्यानेही विचारावा. आमच्याकडे जुन्या घराच्या व्यवहारात सर्वसाधारणपणे दोन्ही बाजू एक-एक टक्का दलाली देतात. नव्या स्कीममध्ये घेणाऱ्याकडून काही घेतलं जात नाही, म्हणून लोकांना वाटतं एजंट फुकट आहे. फुकट कसा असेल? त्याला बिल्डर देतो. यात बेकायदा काही नाही, पण त्याने "याच स्कीममध्ये घ्या" असं तीनदा म्हटलं तर त्यामागे काय आहे हे माहीत असावं. आम्ही ही गोष्ट पहिल्याच दिवशी सांगून टाकतो. ऐकणारे क्षणभर बघतात आणि मग त्यांचे प्रश्न सुधारतात.

ज्यांना हे काम सुरू करायचं आहे त्यांनी रेरा कायदा नीट वाचावा. कायदा २०१६ चा, १ मे २०१७ पासून पूर्ण लागू. रेरात नोंदलेल्या स्कीममधलं घर विकून द्यायचं तर एजंटाची स्वतःची नोंदणी हवी आणि प्रत्येक व्यवहारात तो नंबर द्यावा लागतो. नोंदणी आवश्यक असून न केलेल्या स्कीममध्ये हातच घालायचा नाही. ज्या सुविधा मिळणार नाहीत त्या मिळतील असं सांगणं हा गुन्हा आहे आणि दंड घराच्या किमतीच्या पाच टक्क्यांपर्यंत जाऊ शकतो. एक टक्क्याच्या दलालीत तो कुठून भरणार? घेणाऱ्यांसाठी दोनच गोष्टी पाठ करण्यासारख्या. नोंदणीकृत करार झाल्याशिवाय बिल्डरला किमतीच्या दहा टक्क्यांहून जास्त घेता येत नाही. आणि भाव कार्पेटवर विचारा. तेराशे चौरस फूट म्हणून सांगितलेलं घर टेप लावल्यावर साडेसातशे निघतं तेव्हा माणसाचा चेहरा बघवत नाही.

रोख रकमेबद्दल थोडक्यात. घराच्या व्यवहारात वीस हजार किंवा त्याहून जास्त रोख घेतली तर घेणाऱ्यावर तेवढ्याच रकमेचा दंड बसू शकतो. "थोडे पांढरे, थोडे दुसरे" ही भाषा सुरू झाली की आम्ही उठतो. पन्नास लाख किंवा जास्त किमतीच्या घरात खरेदीदाराने एक टक्का टीडीएस कापून भरायचा असतो. विकणारा अमेरिकेत राहत असेल, आणि आपल्या समाजात असे बरेच आहेत, तर नियम वेगळा आणि कपात बरीच जास्त. अशा वेळी सी.ए.कडे गेल्याशिवाय विसारसुद्धा देऊ नये.

आमची सगळ्यात मोठी चूक मात्र यातल्या कशात नव्हती. जुन्या शहरातल्या एका वाड्याचा भाग विकायचा होता. दोन भाऊ, दोघांचं एकमत, प्रॉपर्टी कार्डावर दोघांचीच नावं. आम्ही कार्ड बघितलं, जुने दस्तावेज बघितले आणि घेणाऱ्यांना सांगितलं, कागद स्वच्छ आहेत. त्यांनी एक लाखाचा चेक बाना म्हणून दिला, बानाखत झालं. भाड्याच्या घराला नोटीसही देऊन बसले. मग बँकेच्या वकिलांनी पेढीनामा मागितला आणि विचारलं, वडिलांना मुलगी नव्हती का?

होती. पुण्याला दिलेली, सगळ्यात मोठी. वडील मृत्युपत्र न करता गेले, त्यामुळे मुलांइतकाच तिचा हिस्सा होता. हे २००५ च्या दुरुस्तीनंतरचं नव्हे. वडिलांच्या स्वतःच्या मिळकतीत मुलीचा वारसा १९५६ च्या कायद्यापासून आहे. नावं चढवताना भावांनी तिला धरलंच नव्हतं. लबाडी नव्हती, "ताई काही मागणार नाही" असं त्यांनी मनाशी ठरवलं होतं. ताईंना हे कळलं ते वकिलांच्या फोनवरून. त्या बडोद्याला आल्या, वाड्यात दोन दिवस राहिल्या आणि सही न करता परत गेल्या. पैशाचं एक अक्षर बोलल्या नाहीत.

या सगळ्यात सात महिने गेले. घेणाऱ्या कुटुंबाला दुसरीकडे भाड्याने जावं लागलं, मुलाची शाळा मध्येच लांब पडली. आम्ही दलाली सोडून दिली, पण ती भरपाई नव्हे. कर्ज विभागात एवढी वर्षं काढलेल्या माणसाने विचारायला हवा होता तो एक प्रश्न विचारला नाही, हे खरं. शेवटी धाकटा भाऊ पुण्याला जाऊन ताईंकडे चार दिवस राहिला. त्यानंतर त्यांनी नोंदणीकृत हक्कसोड करून दिली. दस्तावेज झाला त्या दिवशी त्या आल्या नाहीत.

तेव्हापासून जुन्या घराचं काम आलं की दार उघडून बघायच्या आधी आम्ही विचारतो, "भावंडं किती?" उत्तर येतं, "आम्ही दोघे भाऊ." मग विचारतो, "आणि बहिणी?" बहुतेकदा थोडा वेळ जातो. बहीण असेल तर आम्ही स्वतः तिच्याशी फोनवर बोलतो, भावासमोर. जुन्या शहराच्या काही भागांना अशांत धारा लागू आहे, तिथे दस्तावेजाआधी कलेक्टरांची परवानगी लागते. तेही याच बैठकीत तपासतो, कारण बाना दिल्यावर हे कळलं तर पुन्हा तोच गोंधळ.

कोणाला घर घ्यायचं किंवा विकायचं असेल, अथवा हे काम शिकायचं असेल, तर मंडळाच्या कार्यक्रमानंतर आम्ही दोघे चहापर्यंत थांबतोच. विकणाऱ्यांनी प्रॉपर्टी कार्ड, शेवटचा दस्तावेज, रजा चिठ्ठी आणि घरवेऱ्याची पावती आणावी. झेरॉक्स आणा, मूळ कागद घरीच राहू द्या.