शाळेची घंटा आणि पावसाळ्यातील ताप : महादेवपुऱ्यातील पालकांसाठी सूचना



उन्हाळ्याची सुटी संपवून कोल्हापूर, सोलापूर, नागपूर किंवा बेळगावहून आपण बेंगळूरुला परतला असाल. कर्नाटकातील बहुतेक शाळा मेअखेरीस किंवा जूनच्या आरंभी, म्हणजे महाराष्ट्रातील शाळांच्या सुमारे पंधरवडाभर आधी उघडतात. गणवेश, पुस्तके आणि बसची व्यवस्था यांची जुळवाजुळव चालू असतानाच नैर्ऋत्य मोसमी पाऊसही येऊन ठेपतो. शाळा आणि पाऊस एकाच वेळी सुरू होतात. म्हणून मुलांचे आजारही याच आठवड्यांत वाढतात.

महादेवपुरा परिसरात ख्रिस्ती संस्थांनी चालविलेल्या शाळा आहेत व त्यांत निरनिराळ्या धर्मांची आणि भाषांची मुले एकत्र शिकतात. वर्षारंभीची प्रार्थनासभा, पालकसभा, विद्यार्थ्याची दैनंदिनी आणि हजेरीचे नियम यांविषयीच्या सूचना शाळेकडून आपणांस मिळतीलच. आरोग्याच्या दृष्टीने पालकांनी काय करावे, ते येथे सांगितले आहे.

ताप उतरल्यानंतरचे दोन दिवस

सर्वांत महत्त्वाची गोष्ट प्रथम. डेंग्यूमध्ये ताप उतरला म्हणजे आजार संपला, असे मानू नये. डेंग्यूचा ताप साधारणपणे तीन ते सात दिवस राहतो. तो उतरू लागतो, त्याच सुमारास काही मुलांच्या सूक्ष्म रक्तवाहिन्यांतून रक्तातील द्रव बाहेर झिरपू लागतो, रक्तदाब घटतो आणि प्रकृती काही तासांत गंभीर होऊ शकते. हा धोक्याचा काळ सुमारे २४ ते ४८ तासांचा असतो. नेमक्या याच वेळी अंग गार लागते म्हणून पालक निश्चिंत होतात आणि वर्षारंभीच हजेरी बुडू नये या विचाराने मुलाला शाळेत धाडतात.

तसे करू नये. तापाचे कारण डेंग्यू असल्याचे निदान झाले असेल किंवा तशी शंका असेल, तर ताप उतरल्यानंतरही किमान दोन दिवस मुलाला घरीच, मोठ्या माणसाच्या नजरेखाली ठेवावे आणि वैद्यकीय सल्ल्यानेच शाळेत पाठवावे. पुढीलपैकी एकही लक्षण दिसल्यास सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठावे :

• पोटात तीव्र किंवा सतत दुखणे
• वारंवार उलट्या होणे, पाणीही पोटात न ठरणे
• नाकातून वा हिरड्यांतून रक्त येणे, उलटीत रक्त दिसणे, शौचास काळी होणे
• हातपाय गार पडणे, धाप लागणे
• मूल अतिशय सुस्त होणे किंवा विनाकारण बेचैन होणे
• सहा तासांत लघवी न होणे

तापासाठी पॅरासिटामॉल वैद्यकीय सल्ल्याने, मुलाच्या वजनानुसार द्यावे. अ‍ॅस्पिरिन व आयब्युप्रोफेन देऊ नये. त्यांमुळे रक्तस्रावाचा धोका वाढतो. पाणी, भाताची पेज, ताक, नारळपाणी किंवा ओआरएस थोडे थोडे, पण वारंवार पाजावे. पपईच्या पानांच्या रसासारख्या घरगुती उपायावर विसंबून रुग्णालयात जाणे लांबवू नये. केवळ प्लेटलेटच्या आकड्याकडे पाहत बसू नये. मूल लघवी करते का, पाणी पिते का, नेहमीप्रमाणे बोलते का, हेही तितकेच महत्त्वाचे आहे.

तपासणीची वेळही लक्षात घ्यावी. पहिल्या पाच दिवसांत एनएस-१ ही चाचणी उपयोगी पडते. त्यानंतर आयजीएम चाचणी करावी लागते. म्हणून ताप कोणत्या दिवशी आला, ते लिहून ठेवावे.

साठवलेले पाणी आणि दिवसा चावणारा डास

डेंग्यू पसरविणारा एडिस डास दिवसा चावतो, विशेषतः सकाळी आणि सूर्यास्तापूर्वी. मूल बसच्या थांब्यावर उभे असते ती वेळ आणि सायंकाळी खेळायला जाते ती वेळ, या दोन्ही वेळा त्याच्याच. म्हणून केवळ रात्रीची मच्छरदाणी पुरेशी नाही. गणवेशाच्या नियमांत पूर्ण बाह्यांचा सदरा, लांब पायजमा किंवा लांब मोजे यांना मुभा असल्यास पावसाळ्यात तेच घालावेत. मुभा नसल्यास पालकसभेत तशी विनंती करावी.

हा डास गटारात नव्हे, तर साठवलेल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतो. महादेवपुऱ्यात पाणी साठविणे ही हौस नसून गरज आहे. हा भाग २००७ साली महानगरपालिकेत समाविष्ट झाला. परंतु येथील अनेक वस्त्यांनी पुढील कित्येक वर्षे कूपनलिका आणि टँकर यांवरच भिस्त ठेवली. शहरात नव्याने आलेल्या ११० गावांसाठी दररोज ७७.५ कोटी लिटर पाणी आणणारा कावेरी योजनेचा पाचवा टप्पा ऑक्टोबर २०२४ मध्ये सुरू झाला. तरीही पिंपे, टाक्या आणि गच्चीवरील साठे घरोघरी आहेतच.

अंड्यापासून डास तयार होण्यास साधारणपणे ७ ते १० दिवस लागतात. त्यामुळे आठवड्यातून एकदा सर्व भांडी रिकामी करून, आतील कडा घासून कोरड्या केल्यास ही साखळी तुटते. केवळ पाणी ओतून देणे पुरेसे नाही. कडेला चिकटलेली अंडी कोरड्यातही कित्येक महिने टिकतात आणि पाणी लागताच उबतात. कुंड्यांखालच्या बशा, शीतकपाटामागील पाण्याचा तसराळा, कूलर आणि गॅलरीतील जुने टायर विसरू नयेत. सुटीत घर बंद होते, तर परतल्यावर पहिले काम हेच करावे. सप्टेंबर २०२४ मध्ये कर्नाटक शासनाने डेंग्यूला साथरोग म्हणून अधिसूचित केले असून, डासांची पैदास होऊ देणाऱ्या जागांच्या मालकांसाठी दंडाचीही तरतूद केली आहे.

पाण्याची बाटली आणि डबा

टँकरचे पाणी दिसायला नितळ असले तरी ते शुद्ध असेलच असे नाही. पिण्याचे पाणी खळखळून उकळून, झाकून गार करावे किंवा चांगल्या स्थितीतील शुद्धीकरण यंत्रातून घ्यावे. बाटली रोज साबणाने, तोंडाच्या खाचेसह धुवावी. डब्यात ताजी पोळी-भाजी, उसळ, थालीपीठ असे घरचे पदार्थ द्यावेत. डबा उघडण्यापूर्वी आणि शौचानंतर साबणाने हात धुण्याची सवय पहिल्या आठवड्यातच लावावी.

जुलाब झाल्यास ओआरएसचे मोठे पाकीट एक लिटर पिण्याच्या पाण्यात पूर्ण विरघळवून २४ तासांत संपवावे. उरलेले टाकून द्यावे. जुलाब व उलट्या थांबून २४ तास होईपर्यंत मुलाला शाळेत पाठवू नये.

लसीकरण पत्रिका गावी राहिली असेल तर

प्रवेशाच्या कागदपत्रांत लसीकरणाची नोंद मागितली जाते आणि अनेक कुटुंबांची पत्रिका मूळ गावीच राहिलेली असते. ती मागवून घ्यावी. लस भारतातील कोणत्याही राज्यातील शासकीय केंद्रात विनामूल्य मिळते. महाराष्ट्रात सुरू झालेले लसीकरण बेंगळूरुच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात पूर्ण करता येते. शासनाच्या यू-विन प्रणालीवर नोंद असल्यास तीही दाखविता येते.

शाळकरी वयातील तीन लसी वारंवार विसरल्या जातात : ५ ते ६ वर्षांच्या वयातील डीपीटीची दुसरी वर्धक मात्रा आणि १० व १६ व्या वर्षी दिली जाणारी टीडी लस. गोवर-रुबेलाच्या दोन्ही मात्रा झाल्या नसल्यास आरोग्य केंद्रात विचारावे.

राष्ट्रीय जंतनाशक दिन १० फेब्रुवारी व १० ऑगस्ट रोजी असतो. त्या दिवशी शाळेत अल्बेंडाझोलची गोळी चावून खायला देतात. मूल त्या दिवशी गैरहजर असेल, तर त्यानंतरच्या पूरक दिवशी ती द्यावी. मूल आजारी असल्यास मात्र बरे झाल्यावरच द्यावी.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमातील तपासणी शासकीय व अनुदानित शाळांत होते. आपली शाळा खासगी विनाअनुदानित असेल, तर दृष्टी, श्रवण, दात, उंची व वजन यांची वार्षिक तपासणी आपणच करून घ्यावी. फळ्यावरील अक्षर दिसत नाही, हे लहान मूल बहुधा स्वतः सांगत नाही. त्याला सगळ्यांनाच तसे दिसते असे वाटते. दप्तराचे वजन मुलाच्या वजनाच्या एक दशांशाहून अधिक नसावे, हेही घरच्या काट्यावर पाहावे.

दैनंदिनीतील आरोग्याचे पान

दैनंदिनीच्या आरंभीची माहिती घाईने भरू नये. दमा, अपस्मार, मधुमेह, एखाद्या औषधाची वा पदार्थाची अ‍ॅलर्जी असल्यास ती स्पष्ट लिहावी, लपवू नये. औषध शाळेत द्यावयाचे असल्यास डॉक्टरांच्या चिठ्ठीसह वर्गशिक्षकांकडे किंवा आरोग्यकक्षात द्यावे, दप्तरात ठेवू नये. दम्याचा इनहेलर कोठे ठेवला आहे, हे मुलाला व शिक्षकांना ठाऊक असावे. आजी-आजोबा साताऱ्याला किंवा अमरावतीला असतील, तर तातडीच्या संपर्कासाठी त्यांचा नव्हे, अर्ध्या तासात शाळेत पोहोचू शकेल अशा शेजाऱ्याचा क्रमांक द्यावा.

नव्याने आलेल्या मुलाला चार कन्नड शब्द शिकवावेत. ‘ज्वर’ आणि ‘वांती’ हे शब्द दोन्ही भाषांत आहेत. पोट दुखते हे सांगायला ‘होट्टे नोवु’, डोके दुखते हे सांगायला ‘तले नोवु’ आणि पाणी हवे असेल तर ‘नीरु बेकु’ एवढे आले, तरी बसमधील मदतनीस ताईंना मुलाचे दुखणे कळेल.

नवे शहर, नवी भाषा आणि नवा वर्ग यांमुळे काही मुले अबोल होतात, सकाळी पोटदुखीची तक्रार करतात, जेवण टाकतात. त्यांना ढोंगी म्हणू नये. दोन आठवड्यांनंतरही तसेच चालू राहिल्यास वर्गशिक्षकांशी बोलावे. ‘टेली-मानस’ या राष्ट्रीय सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर अहोरात्र विनामूल्य सल्ला मिळतो आणि मराठीतही बोलता येते. बेंगळूरुची निम्हान्स ही संस्था या सेवेची शिखर संस्था आहे.

शेवटची विनंती

आजारी मुलाला घरी ठेवणे हे केवळ त्याच्यासाठी नसते. गोवर, कांजिण्या किंवा जुलाब असलेले एक मूल बाकावर बसले, की त्या बाकावरच्या इतर मुलांच्या घरीही आजार पोहोचतो. गोवरात पुरळ उठल्यापासून चार दिवस आणि कांजिण्यांत सर्व फोडांवर खपली धरेपर्यंत मुलाने घरीच राहावे. शंभर टक्के हजेरीचे प्रशस्तिपत्र मोलाचे खरे. पण बुडालेला अभ्यास मित्राच्या वहीतून भरून काढता येतो, उपचाराला झालेला उशीर भरून काढता येत नाही.

आरोग्यविषयक सल्ल्यासाठी १०४ आणि रुग्णवाहिकेसाठी १०८ हे क्रमांक दैनंदिनीच्या पहिल्या पानावर आणि घरातील भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवावेत. जवळचे प्राथमिक आरोग्य केंद्र किंवा ‘नम्म क्लिनिक’ कोठे आहे, ते शाळा उघडण्यापूर्वीच पाहून यावे.

आपल्या पाल्याचे शैक्षणिक वर्ष निरोगी जावो, ही सदिच्छा.