बाहुलीच्या छातीतली स्प्रिंग

सुरुवातीलाच एक कबुली देते. माझं सगळं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं. मराठीचा पेपर म्हणजे आमच्यासाठी जेमतेम पास होण्याचा विषय. त्यामुळे संपादकांनी "मराठी विभागासाठी काहीतरी दे" म्हटल्यावर आधी मला घामच फुटला. ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका पोटात घाला, पण विषय मात्र नीट वाचा, एवढीच विनंती.

विषय सुरू होतो आपल्या मेसमधून. गेल्या वर्षी सबमिशनच्या आठवड्यात मेसचे काका पोळ्यांच्या टेबलाजवळ एकदम कोसळले. हाक मारली तर ओ नाही. आम्ही दहा-बाराजणी भोवती गोल करून उभ्या राहिलो. कुणी तोंडावर पाणी मारलं, कुणी कांदा फोडून नाकाशी धरला, कुणी तळपाय चोळले. एकजण रिक्षा आणायला धावली. वायरिंग, कोडिंग, थर्मोडायनॅमिक्स सगळं येणाऱ्या आम्ही मुली, पण पुढे काय करायचं ते एकीलाही माहीत नव्हतं. हॉस्पिटलात पोचेपर्यंत वीसेक मिनिटं गेली. काका गेले. तिथल्या डॉक्टरांनी आम्हाला एकच प्रश्न विचारला, "कुणी छाती दाबली होती का?"

आम्ही एकमेकींकडे बघत राहिलो.

छाती दाबली असती तर काका वाचलेच असते असं मी म्हणत नाही. ते कुणीच सांगू शकत नाही. पण तो प्रश्न काही माझ्या डोक्यातून जाईना. माझी आतेबहीण नर्सिंग करते. दिवाळीच्या सुट्टीत तिला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "आमच्या लॅबमध्ये ये एकदा. बाईंना विचारून ठेवते."

मला वाटलं होतं लॅब म्हणजे बाटल्या, मायक्रोस्कोप वगैरे. बघते तर जमिनीवर ओळीने बाहुल्या झोपवलेल्या! कमरेपर्यंतचं धड, रबरी चेहरा. ताई म्हणाली, "दाब." मी गुडघ्यावर बसून जोर लावला. शेजारच्या स्क्रीनवर लाल दिवे लागले. खोली कमी, वेग जास्त, आणि दाबल्यावर हात पूर्ण वर घेत नाहीस, अशा तीन चुका. दोन मिनिटांत दंड भरून आले. जिमला जाणाऱ्या मैत्रिणीला घेऊन गेले होते, तिचीही तीच गत.

त्या दिवसापासून या बाहुलीचा इतिहास शोधायला लागले. आणि मित्रमैत्रिणींनो, त्यात चक्क आपली इंजिनीअर मंडळी निघाली!

१९५० च्या दशकापर्यंत बंद पडलेलं हृदय चालू करायचं म्हणजे सर्जनने छाती उघडायची आणि हाताने हृदय दाबायचं. म्हणजे हे फक्त ऑपरेशन थिएटरातच शक्य. अमेरिकेत बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समध्ये विल्यम कोवेनहोवेन नावाचे इलेक्ट्रिकल इंजिनीअर होते. विजेच्या शॉकने थांबलेलं हृदय विजेच्याच झटक्याने परत सुरू करता येईल का, यावर ते काम करत होते. त्यांच्याबरोबर गाय निकरबॉकर हा इलेक्ट्रिकलचाच संशोधक विद्यार्थी होता. १९५८ च्या सुमारास कुत्र्यांवर प्रयोग चालू असताना दिसलं की डिफिब्रिलेटरचे जड पॅडल छातीवर दाबून धरले की, विजेचा झटका द्यायच्या आधीच रक्तदाब थोडा वर जातो. दुसरा कुणी असता तर रीडिंगमधली एरर म्हणून सोडून दिलं असतं. (आपण जर्नलमध्ये काय करतो ते आठवा.) त्यांनी सोडलं नाही. सर्जन जेम्स ज्यूड यांना बरोबर घेऊन १९६० मध्ये त्यांनी निबंध प्रसिद्ध केला. छाती न उघडता, बाहेरून लयीत दाबून रक्त फिरवत ठेवता येतं आणि त्यासाठी दोन हात पुरतात, हे त्याचं सार.

त्याच काळात, त्याच शहरात पीटर सफार हे भूलतज्ज्ञ तोंडाने श्वास देण्याची पद्धत तपासत होते. त्यांनी काही स्वयंसेवकांना औषधाने श्वास थांबवून झोपवलं आणि इतरांच्या श्वासावर ते जगतात का हे मोजून दाखवलं. या दोन्ही गोष्टी एकत्र आल्या आणि आजचं सीपीआर तयार झालं.

आता खरा प्रश्न आला. शोध तर लागला, पण तो शिकवायचा कसा? जिवंत, धडधाकट माणसाची छाती अशी दाबता येत नाही, बरगड्या मोडतील. पुस्तकात वाचून ते येत नाही. आणि प्रत्यक्ष वेळ आली तेव्हा पहिल्यांदा हात लावायचा, तर पहिला पेशंट हाच प्रॅक्टिकलचा पेशंट! हा प्रश्न वैद्यकाचा नाही, शिक्षणाचा आहे. वैद्यकीय शिक्षणातलं संशोधन म्हणून जो वेगळा विषय जगभर वाढला, तो अशाच प्रश्नांतून.

उत्तर आलं नॉर्वेमधून, आणि तेही एका खेळणीवाल्याकडून. स्टावांगर गावात आसमुंड लेर्डाल यांचा खेळण्यांचा कारखाना होता. मऊ प्लास्टिकच्या बाहुल्या ही त्यांची खासियत. त्यांचा स्वतःचा लहान मुलगा एकदा पाण्यात बुडताना थोडक्यात वाचला होता. भूलतज्ज्ञ ब्यर्न लिंड आणि सफार यांच्या सल्ल्याने त्यांनी माणसाएवढी बाहुली बनवली. मान मागे कलल्याशिवाय हवा आत जाणार नाही अशी. पुढे सफार यांच्या सूचनेवरून तिच्या छातीत स्प्रिंग बसवली. १९६० मध्ये ही 'रेसुसी ॲन' बाजारात आली. तिचा चेहरा एका जुन्या मुखवट्यावरून घेतला आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पॅरिसच्या सीन नदीत सापडलेल्या अनोळखी मुलीचा तो मुखवटा, असं सांगतात. खरं-खोटं देव जाणे, पण जिला कुणी वाचवलं नाही तिच्या चेहऱ्यावर जग वाचवायला शिकतंय, हे ऐकून मला कसंतरीच झालं.

आता जरा आपल्या भाषेत बोलू. मोठ्या माणसाची छाती ५ ते ६ सेंटिमीटर खाली जायला हवी. प्रत्येकाची छाती वेगळी, पण सोपं जावं म्हणून ५ सेंटिमीटरला ४५ किलोचा जोर धरा. म्हणजे सुमारे ४४० न्यूटन भागिले ५० मिलिमीटर, मिलिमीटरला साधारण ९ न्यूटन. फर्स्ट इयरचा हूकचा नियम! फरक एवढाच की खरी छाती इतकी सरळ रेषेत वागत नाही. वेग हवा मिनिटाला १०० ते १२०. आणि प्रत्येक वेळी छाती पूर्ण वर येऊ द्यायची, कारण ती वर येतानाच हृदयात रक्त परत भरतं. पंपाचा सक्शन स्ट्रोकच तो. माझी तिसरी चूक हीच होती, मी सक्शनच होऊ देत नव्हते.

या बाहुलीनंतर शिकवणाऱ्यांनी बाकीच्या गोष्टीही तपासायला घेतल्या. १९६३ मध्ये लॉस एंजलिसला हॉवर्ड बॅरोज या मेंदूविकारतज्ज्ञांनी एका निरोगी बाईला पेशंटचा अभिनय शिकवून विद्यार्थ्यांसमोर बसवलं. १९७५ मध्ये स्कॉटलंडमधल्या डंडीच्या रोनाल्ड हार्डन आणि सहकाऱ्यांनी परीक्षेचीच फेररचना मांडली. एका परीक्षकासमोर बसून नशिबाचा व्हायवा देण्याऐवजी विद्यार्थी एकामागून एक टेबलांवर फिरतात. प्रत्येक ठिकाणी ठराविक मिनिटं, एक ठराविक काम आणि गुणांची आधीच ठरलेली यादी. म्हणजे परीक्षकाचा मूड कसा आहे, आधीच्या मुलाने त्याला वैताग आणलाय का, याने मार्क बदलत नाहीत. आपल्या ओरल्सच्या आधी बाहेर उभं राहून "एक्स्टर्नल कसा आहे रे?" विचारणाऱ्या प्रत्येकाने हार्डनसाहेबांना मनातल्या मनात नमस्कार करावा.

१९९० मध्ये जॉर्ज मिलर यांनी एक साधा पिरॅमिड मांडला. तळाला 'माहीत आहे', त्यावर 'कसं करायचं ते माहीत आहे', त्यावर 'करून दाखवतो' आणि शिखरावर 'प्रत्यक्ष कामात करतो'. आपल्या बहुतेक परीक्षा खालच्या दोन पायऱ्यांवर संपतात. मेसमध्ये त्या दिवशी काहीजणींना पहिली पायरी येत होती. सीपीआर हा शब्द ऐकलेला होता, सिनेमात बघितलंही होतं. उपयोग शून्य.

आपल्याकडेही हे हळूहळू येतंय. एमबीबीएसचा नवा, क्षमतेवर आधारलेला अभ्यासक्रम २०१९ पासून लागू झाला आणि त्यात बाहुल्यांवर सराव करायच्या स्किल लॅबला जागा मिळाली. बी.एस्सी. नर्सिंगचाही अभ्यासक्रम २०२१ मध्ये बदलला. ताई म्हणते, "आधी बाहुलीवर हात बसतो, मग पेशंटला हात लावतो. पेशंटला पण बरं, आम्हाला पण बरं."

पण संशोधनाने सांगितलेली एक गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटली. ती म्हणजे हे कौशल्य फार लवकर गंजतं. एकदा शिकलेलं सीपीआर तीन ते सहा महिन्यांत बरंचसं उतरतं, असं पुन्हा पुन्हा दिसलंय. डॉक्टर-नर्सचंही तेच होतं. म्हणून वर्षा-दोन वर्षांतून एकदा दिवसभराचा कोर्स करण्यापेक्षा थोडं थोडं पण वारंवार करणं चांगलं. आणि बाहुलीने तिथल्या तिथे चूक सांगितली तर हात लवकर सुधारतो. माझा स्वतःचा अनुभव तोच. दिवाळीत ताईने घटवून घेतलं होतं, हिरवे दिवेही लागले होते. मार्चमध्ये परत गेले तर वेग बरोबर, खोली पुन्हा कमी. चार महिन्यांत पाटी अर्धी कोरी!

दुसरी गोष्ट आपल्या हॉस्टेलसाठी जरा अवघड आहे, पण लिहितेच. सार्वजनिक ठिकाणी बाई कोसळली तर तिला अनोळखी लोकांकडून सीपीआर मिळण्याचं प्रमाण पुरुषापेक्षा कमी, असं अमेरिकेतल्या अभ्यासात दिसलं. हात कुठे लावायचा, लोक काय म्हणतील, ही भीती. त्यात सरावाच्या बऱ्याचशा बाहुल्या सपाट छातीच्या. त्या दिवशी आमच्याही मनात तेच होतं. काकांना हात कसा लावायचा? आम्ही तळपाय चोळत बसलो ते कदाचित त्यामुळेच. उद्या आमच्यापैकी कुणी कॅम्पसवर पडलं तर मुलं पुढे येतील का? हा संकोचही सरावानेच जाईल, भाषणाने नाही.

म्हणून आम्ही चौघींनी एक खटाटोप केला. मेकॅनिकलच्या दोन मित्रांना धरलं. भंगारातून दोन स्प्रिंग आणल्या. कॉलेजचं यूटीएम टनावारी लोड ओढणारं, आमची स्प्रिंग त्याच्या खिजगणतीत नाही. मग साधा वजनकाटा खाली ठेवला आणि वरून दाबून पट्टीने मोजलं. एक स्प्रिंग फार मऊ निघाली, दोन पॅरललमध्ये लावल्यावर गणित जमलं. वर फोम, त्यावर जुना टी-शर्ट. ५ सेंटिमीटरला टिकटिक वाजणारा लिमिट स्विच. दिसायला आमची बाहुली भयंकर आहे, पण ताईने दाबून बघितली आणि म्हणाली, "सरावाला चालेल. शिकायला मात्र खऱ्या शिकवणाऱ्याकडेच जा." ते अगदी खरं आहे.

रेक्टर मॅडमना आम्ही अर्ज दिला आहे. दर तीन महिन्यांनी प्रत्येक विंगने दहा मिनिटं द्यायची, सुरुवातीला नर्सिंग कॉलेजच्या बाईंना बोलवायचं. वॉचमन, मेस, ऑफिस, सगळा स्टाफ त्यात हवा, कारण रात्री दोन वाजता जागे तेच असतात.

तोवर एवढं लक्षात ठेवा. माणूस कोसळला, हाकेला ओ देत नाही आणि नीट श्वास घेत नाही, तर एकाने १०८ ला फोन करायचा. दुसऱ्याने लगेच छातीच्या मधोमध, हाडाच्या खालच्या अर्ध्या भागावर तळहात ठेवायचा, त्यावर दुसरा हात, कोपर ताठ. जोरात, मिनिटाला १०० ते १२० च्या वेगाने, दर वेळी पूर्ण वर सोडत दाबत राहायचं. दमलात की माणूस बदला, पण थांबू नका. शिकलेले नसाल तर तोंडाने श्वास द्यायची गरज नाही, नुसतं दाबणंही चालतं. काहीच न करता गेलेल्या प्रत्येक मिनिटाला जगण्याची शक्यता ७ ते १० टक्क्यांनी घटते. आणि हो, कांदा कोशिंबिरीसाठी ठेवा.

बाहुली सध्या आमच्या विंगच्या कोपऱ्यात, टीव्हीरूमबाहेर ठेवली आहे. येता-जाता दोन मिनिटं दाबून जा. काकांच्या हातची पोळी खाल्लेली बॅच अजून एक वर्ष इथे आहे. निदान आम्हाला तरी तो प्रश्न पुन्हा कुणी विचारला, तर "हो, दाबली होती" असं सांगता यायला हवं.