फिर्यादी कोण, हा प्रश्न

सत्तारूढ पक्षाच्या एखाद्या पुढाऱ्यावर प्रतिपक्षाने लाचलुचपतीचा आरोप केला, की त्या आरोपाच्या खुलाशाआधी आरोप करणाऱ्याचे चरित्र बाहेर येते. त्याने तो आजच का केला, निवडणूक जवळ आली म्हणून की त्याचे स्वतःचे एखादे काम अडले म्हणून, त्याच्या पक्षाची राजवट होती तेव्हा काय काय झाले होते, आणि त्याचा बोलविता धनी कोण, या पृच्छांची इतकी गर्दी उसळते की मूळ प्रश्न, म्हणजे पैसे घेतले की नाही, हा कोठेतरी मागच्या रांगेत जाऊन बसतो. ही रीत कोणा एका पक्षाची मिरासदारी नव्हे. जो पक्ष सत्तेवर येतो तो ती गादीबरोबरच हस्तगत करतो. महाराष्ट्रात मात्र एकदा असे घडले, की ही राजकीय सवय कायद्याच्या मुद्द्याचे रूप घेऊन न्यायासनापुढे उभी राहिली, आणि ‘तू कोण विचारणारा?’ या सवालाचा जबाब सर्वोच्च न्यायालयाला लेखी द्यावा लागला. ते प्रकरण बॅरिस्टर अब्दुल रहमान अंतुले यांचे.

अंतुले जून १९८० मध्ये मुख्यमंत्री झाले. रायगड जिल्ह्यातील आंबेतचा हा बुद्धिमान, धडाडीचा आणि काहीसा उतावळा गृहस्थ इंदिरा गांधींच्या पडत्या काळात त्यांच्याबरोबर राहिला होता, आणि त्या निष्ठेचे फळ त्याला मिळाले होते. त्यांची कारकीर्द केवळ एका प्रकरणापुरती आठवणे अन्यायाचे होईल. निराधारांना दरमहा साहाय्य देणारी योजना त्यांच्याच अमदानीतली, कुलाबा जिल्ह्याचे रायगड हे नामांतर त्यांचेच, आणि सिंधुदुर्ग व जालना हे जिल्हे १९८१ साली निर्माण झाले तेही त्यांच्याच हुकमाने. फायलीवर शेरा मारून प्रकरण सचिवालयात फिरत ठेवण्याचा त्यांना तिटकारा होता, आणि लोकांना हे आवडत असे. परंतु जो हात नियमाला न जुमानता गरिबाचे काम झटपट करतो तोच हात नियमाला न जुमानता दुसरीही कामे करू शकतो, याचे भान त्या काळी फारसे कोणास राहिले नव्हते.

त्या वेळी सिमेंट ही नियंत्रित वस्तू होती. सरकारी भाव आणि खुल्या बाजारातील भाव यांत मोठी तफावत असल्यामुळे सिमेंटचे परमिट हे स्वतःच एक धन होते, आणि ते कोणाला द्यावयाचे हे सरकारच्या हाती होते. याच सुमारास साहित्यिक व कलावंतांना साहाय्य करण्याच्या हेतूने ‘इंदिरा गांधी प्रतिभा प्रतिष्ठान’ नावाचा न्यास स्थापन झाला, आणि त्याच्याकडे, तसेच अंतुल्यांशी निगडित अशा इतर न्यासांकडे, देणग्यांचा ओघ सुरू झाला. बांधकाम व्यावसायिकांनी धनादेश दिले, साखर कारखान्यांनी उसाच्या वजनाच्या हिशेबाने रकमा दिल्या. ३१ ऑगस्ट १९८१ रोजी ‘इंडियन एक्स्प्रेस’मध्ये अरुण शौरी यांनी हा सारा व्यवहार दस्तऐवजांसह मांडला, आणि दुसऱ्याच दिवशी भारतीय जनता पक्षाचे मुंबईतील पुढारी रामदास नायक यांनी मुख्यमंत्र्यांवर खटला भरण्याची मंजुरी राज्यपालांकडे मागितली. त्या पक्षाला जन्मून तेव्हा पुरते दीड वर्षही झाले नव्हते.

सत्ताधारी पक्षाच्या उत्तरातली पहिली तऱ्हा हेत्वारोपाची होती, व ती अपेक्षितच होती: पराभूत पक्ष आणि त्यांची वृत्तपत्रे यांनी मिळून इंदिराजींची बदनामी आरंभली आहे. दुसरे उत्तर सत्कार्याचे होते. पैसा कोणाच्या खिशात गेलेला नाही, तो उजळ माथ्याने धनादेशाने आला व सार्वजनिक न्यासात जमा झाला, मग भ्रष्टाचार कसला? हे उत्तर वरवर पाहता बिनतोड वाटते, आणि आजही निरनिराळ्या वेषांत ते आपल्याला भेटत असते. त्यातील खोट अशी, की देणगी आणि परमिट यांच्यामधील संबंधाविषयी ते काहीच बोलत नाही. देणाऱ्याने खुशीने दिले की परमिट हवे म्हणून दिले, हाच तर वादाचा विषय होता. संसदेत मात्र गदारोळ माजला तो पंतप्रधानांनी आपले नाव प्रतिष्ठानाला देण्यास संमती दिली होती किंवा नाही यावर. पक्षाला मुख्यमंत्र्यापेक्षा त्या नावाची चिंता अधिक होती हे त्यावरून दिसते.

तिसरे उत्तर द्यावे लागले ते न्यायालयामुळे. जनता पक्षाचे प. बा. सामंत यांच्या याचिकेवर १२ जानेवारी १९८२ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने निकाल दिला; पुढे जे. जे. रुग्णालयातील औषधकांडाच्या चौकशीमुळे घरोघरी परिचित झालेले न्यायमूर्ती लेंटिन यांनी सिमेंटचे वाटप आणि देणग्या यांचा परस्परसंबंध स्पष्ट शब्दांत नोंदविला. त्याच दिवशी अंतुल्यांनी राजीनामा जाहीर केला, आणि महिना सरण्यापूर्वी बाबासाहेब भोसले मुख्यमंत्री झाले. फेब्रुवारीत केंद्राने सिमेंटवरील नियंत्रण अंशतः उठविले, ही त्या वर्षाची आणखी एक गंमत.

राजीनाम्याने पक्षाची सुटका होते, आरोपाची तड लागत नाही. नेहरूंच्या काळी निदान चौकशी आधी व राजीनामा नंतर असा क्रम होता. आयुर्विमा महामंडळाच्या मुंदडा-प्रकरणात प्रश्न विचारणारे फिरोज गांधी स्वपक्षाचेच होते, आणि न्यायमूर्ती छागला यांच्या आयोगाने काम इतक्या त्वरेने आटोपले की फेब्रुवारी १९५८ मध्ये कृष्णम्माचारींना अर्थखाते सोडावे लागले. पंजाबात प्रतापसिंग कैरों यांच्याविरुद्ध विरोधकांनी राष्ट्रपतींना निवेदन दिले तेव्हा नेहरूंनी बराच काळ त्यांची पाठराखण केली, परंतु अखेरीस दास आयोग नेमला, आणि जून १९६४ मध्ये त्याचा अहवाल येताच कैरों पायउतार झाले. अंतुले-प्रकरणात असा आयोग नव्हता. लोकायुक्ताची संस्था देशात प्रथम स्थापन करण्याचा मान महाराष्ट्राचा, १९७१ च्या कायद्याचा. पण त्या कायद्याने मुख्यमंत्र्याला लोकायुक्ताच्या कक्षेबाहेर ठेवले होते. म्हणजे नायकांपुढे उरला तो एकच मार्ग, फौजदारी फिर्यादीचा, आणि त्या मार्गावर मंजुरीचा अडसर होता.

१९४७ च्या भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्याच्या सहाव्या कलमाप्रमाणे लोकसेवकावर खटला चालविण्यास त्याला पदावरून दूर करण्याचा अधिकार असलेल्याची मंजुरी लागत असे. मुख्यमंत्र्याच्या बाबतीत तो अधिकारी राज्यपाल. आणि राज्यपालाने एरवी ज्यांच्या सल्ल्याने चालावयाचे ते मंत्रिमंडळ म्हणजे आरोपीचेच सहकारी. या प्रकरणी राज्यपालांनी स्वविवेकाने निर्णय घ्यावा हे सरकारपक्षाच्या वकिलांनी मान्य केल्याची नोंद उच्च न्यायालयाने केली होती. पण पुढे राज्य सरकारच अपील घेऊन दिल्लीला गेले, आणि अशी कबुली दिलीच नव्हती, असा पवित्रा तेथे घेण्यात आला. न्यायमूर्ती चिन्नप्पा रेड्डी यांनी तो मानला नाही. न्यायासनासमोर काय घडले याविषयी न्यायाधीशांची नोंद हीच अंतिम, असे त्यांनी सांगितले. मुख्यमंत्री बदलला होता, बचाव करणारे सरकारी दप्तर तेच होते. १९८२ च्या जुलैत राज्यपालांनी काही आरोपांपुरती मंजुरी दिली, आणि ऑगस्टमध्ये नायकांनी नव्याने फिर्याद गुदरली.

येथून पुढे वादाला जे वळण लागले ते वाचताना वकिली बुद्धीचे कौतुक करावे की खंत करावी हे कळेनासे होते. अंतुल्यांच्या वतीने मांडलेला एक मुद्दा असा, की लाचलुचपतीच्या गुन्ह्याचा तपास वरिष्ठ पोलीस अधिकाऱ्यानेच करावयाचा असल्यामुळे विशेष न्यायाधीशाला खाजगी इसमाच्या फिर्यादीवरून खटला चालविताच येत नाही. दुसरा असा, की मुख्यमंत्रिपद गेले तरी अंतुले आमदार आहेत, आमदार हा लोकसेवक आहे, सबब नवी मंजुरी हवी; आणि विशेष न्यायाधीश सुळे यांनी १९८३ च्या जुलैत हा मुद्दा ग्राह्य धरून त्यांना आरोपमुक्त केले. १६ फेब्रुवारी १९८४ रोजी न्यायमूर्ती देसाई यांच्या लेखणीतून पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाचे दोन निकाल बाहेर पडले. एकाने ठरविले की आमदार हा दंडसंहितेच्या अर्थाने लोकसेवक नव्हे, आणि ज्या पदाचा दुरुपयोग झाला म्हणतात ते पदच सोडलेले असेल तर मंजुरीचे प्रयोजन नाही. दुसऱ्याने ठरविले की कायद्याने स्पष्ट अपवाद केला नसेल तर फौजदारी कायद्याचे चक्र कोणीही नागरिक फिरवू शकतो. गुन्हा हा समाजाविरुद्ध असतो, म्हणून फिर्यादीचे अमुकच एक स्थान असले पाहिजे, ही कल्पना फौजदारी न्यायशास्त्राला परकी आहे.

हा दुसरा निकाल मला अधिक मोलाचा वाटतो. नायक निरपेक्ष होते असे मानण्याचे कारण नाही. अंतुले पडले तर त्यांच्या पक्षाचा लाभ होता, आणि ते उघड होते. परंतु परमिटाच्या त्या खोलीत जे बसले होते, देणारे, घेणारे, सही करणारे, त्यांतल्या कोणालाही तक्रार करण्यात स्वारस्य नव्हते, आणि सामान्य माणसाला इतकी वर्षे वकिलांची फी भरून न्यायालयाच्या पायऱ्या झिजविणे परवडले नसते. प्रतिस्पर्ध्याचा मत्सर हाच त्या वेळी सार्वजनिक हिताचा एकमेव पगारी नोकर होता. तो मत्सर खोटीही फिर्याद करू शकतो हे खरे. पण तिची परीक्षा पुराव्याने व्हावयाची, फिर्यादीच्या जातकुळीने नव्हे.

खटला मात्र पुढेही रेंगाळतच राहिला. घटनापीठाने तो त्वरेने चालावा म्हणून उच्च न्यायालयाकडे सोपविला होता. १९८८ मध्ये सात न्यायाधीशांच्या पीठाने बहुमताने ती आज्ञाच चुकीची ठरवून रद्द केली, कारण त्यामुळे आरोपीचा अपिलाचा एक टप्पा हिरावला गेला होता. डिसेंबर १९९१ मध्ये याच प्रकरणात, जलद न्याय हा नागरिकाचा मूलभूत हक्क आहे, असे न्यायालयाने विस्ताराने सांगितले, आणि तरीही खटला रद्द करण्यास नकार दिला. ज्या पक्षाने अंतुल्यांकडून राजीनामा घेतला त्याच पक्षाने त्यांना पुढे दोनदा केंद्रात मंत्री केले.

आमदार-खासदार लोकसेवक नव्हेत हा १९८४ चा निष्कर्ष १९८८ च्या नव्या कायद्यानंतर टिकला नाही. नरसिंह राव यांच्या १९९८ च्या खटल्यात ते लोकसेवकच ठरले. खुर्ची सोडलेल्याला मंजुरीचे कवच नाही हे तत्त्व मात्र चौतीस वर्षे चालले. २०१८ साली संसदेने कायदा दुरुस्त केला, आणि पदावर असताना केलेल्या कृत्याबद्दल पद सोडल्यानंतरही मंजुरीवाचून खटला चालू नये अशी तरतूद केली. तेव्हा केंद्रात सत्तेवर रामदास नायकांचा पक्ष होता.