तीन शब्दांच्या मागे: फ्रान्समधील अभ्यासदौऱ्यात आम्ही काय शोधले

फ्रान्समधल्या कुठल्याही खेड्यात गेलात तरी एक इमारत हमखास सापडते. तिला तिथले लोक 'मेरी' म्हणतात. आपल्या ग्रामपंचायत कार्यालयासारखीच ती असते. देशात अशी सुमारे 35 हजार स्थानिक स्वराज्याची एकके आहेत. काहींची लोकसंख्या शे-दोनशेच असते, तरीही प्रत्येकाला निवडून आलेला महापौर असतो. बहुतेक मेरींच्या दारावर तीन शब्द कोरलेले दिसतात: स्वातंत्र्य, समता, बंधुता.

हे तीन शब्द आपल्या चळवळीतल्या प्रत्येक युवकाला संविधानाच्या प्रास्ताविकेतून पाठ आहेत. ते आपण फ्रेंच राज्यक्रांतीकडून उसने घेतलेले नाहीत, आपले गुरू तथागत बुद्ध यांच्या शिकवणीतून घेतले आहेत, असे बाबासाहेबांनी 1954 साली आकाशवाणीवरील भाषणात स्पष्ट केले होते. मग त्यासाठी फ्रान्सला कशाला जायचे? दौरा ठरवताना आमच्या अभ्यासगटातल्या विद्यार्थ्यांनी हा प्रश्न विचारला आणि तो रास्तच होता. त्याचे उत्तरही बाबासाहेबांकडेच मिळाले. 'बुद्ध की कार्ल मार्क्स' या निबंधात ते म्हणतात की या घोषणेमुळे जगाने फ्रेंच राज्यक्रांतीचे स्वागत केले, पण ती क्रांती समता निर्माण करू शकली नाही. शब्द भिंतीवर आले तरी ते जमिनीवर का उतरत नाहीत, हे समजून घेणे आपल्याही कामाचे आहे. म्हणून दौऱ्याचा विषय ठरला तो एवढाच. पॅरिस, नांत, मग बोर्दोच्या पूर्वेकडचा ग्रामीण भाग, दक्षिणेतले लार्झाकचे पठार आणि परत पॅरिस, असा दोन आठवड्यांचा मार्ग आखला. आयफेल टॉवर वाटेत दिसलाच, त्यासाठी वेगळा दिवस ठेवला नव्हता.

आधी थोडी उजळणी. मानव आणि नागरिक यांच्या हक्कांचा जाहीरनामा 26 ऑगस्ट 1789 चा. पण ही त्रयी फ्रान्सच्या संविधानात आली 1848 मध्ये, आणि सरकारी इमारतींवर सर्रास कोरली गेली ती 1880 पासून. स्त्रियांना मताधिकार मिळाला 1944 मध्ये, म्हणजे जाहीरनाम्यानंतर दीडशेहून अधिक वर्षांनी. शाळेचे मात्र त्यांनी लवकर जमवले. 28 मार्च 1882 च्या कायद्याने प्राथमिक शिक्षण सक्तीचे आणि धर्मनिरपेक्ष झाले, मोफत ते आदल्याच वर्षी झाले होते. त्याच 1882 सालच्या ऑक्टोबरमध्ये महात्मा जोतीराव फुले हंटर आयोगाला निवेदन देऊन शूद्रातिशूद्रांच्या मुलांसाठी सक्तीचे प्राथमिक शिक्षण मागत होते. तिकडे कायदा झाला, इकडे निवेदन दप्तरात गेले.

पॅरिसमध्ये गिमे संग्रहालयाला अर्धा दिवस दिला. एमिल गिमे या लिऑनच्या कारखानदाराने ते आधी लिऑनला उभारले आणि 1889 मध्ये पॅरिसला आणले. गांधार, मथुरा आणि अमरावती परंपरेतील शिल्पे तिथे आहेत. पॅरिसमध्येच युजीन ब्यूर्नूफ या प्राध्यापकाने, भारतात कधी पाऊलही न ठेवता, ब्रायन हॉजसनने नेपाळहून पाठवलेल्या संस्कृत हस्तलिखितांवरून 1844 साली भारतीय बौद्ध धम्माच्या इतिहासाचा ग्रंथ लिहिला. बुद्ध ही ऐतिहासिक व्यक्ती आहे आणि धम्माचा उगम भारतात आहे, हे युरोपात ठामपणे मांडणाऱ्यांत तो अग्रभागी होता. काही विद्यार्थी त्यामुळे भारावून गेले. आमचे मत जरा वेगळे आहे. ब्यूर्नूफने ग्रंथ वाचले. धम्म जिवंत झाला तो नागपूरच्या दीक्षाभूमीवर. दोन्ही कामांचे मोल आहे, पण ती एका मापाने मोजता येत नाहीत. शहराच्या पूर्वेला व्हँसेनच्या उद्यानात मोठा पॅगोडा आहे. तो ज्या इमारतीत आहे ती 1931 च्या वसाहतींच्या प्रदर्शनासाठी बांधलेली, म्हणजे साम्राज्याची मिरवणूक जिथे निघाली तिथे आज वंदना होते.

नांत हे लवार नदीवरचे बंदर. अठराव्या शतकात फ्रान्समधला गुलामांचा सर्वात मोठा व्यापार इथून चालला. 2012 मध्ये नदीच्या धक्क्यावर गुलामगिरीच्या निर्मूलनाचे स्मारक झाले. वरच्या फरसबंदीत सुमारे 2000 काचेचे तुकडे बसवले आहेत. त्यांतल्या 1710 तुकड्यांवर इथून निघालेल्या गुलामवाहू जहाजांची नावे आणि निघण्याच्या तारखा आहेत. वाचत चालायचे म्हटले तर मान खाली घालूनच चालावे लागते.

इथे समतेचा हिशेब नीट कळतो. क्रांतीने 1794 मध्ये वसाहतींतली गुलामगिरी रद्द केली. नेपोलियनने ती 1802 मध्ये परत आणली. कायमची रद्द झाली ती 27 एप्रिल 1848 रोजी. पुढच्याच वर्षी नुकसानभरपाईचा कायदा झाला आणि भरपाई मिळाली ती मालकांना. ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या राबून दिले त्यांच्या हातात काही पडले नाही. मळ्यांवर मजूर कमी पडू लागले तेव्हा पाँडिचेरी आणि कारैकलहून भारतीय माणसे कराराने ग्वादलूप, मार्टिनिक आणि रियुनियन बेटांवर नेली गेली. हे ऐकताना नांदेडच्या एका विद्यार्थ्याने महार वतनाची आठवण काढली. 1958 च्या कायद्याने वतन गेले, पण जमीन पुन्हा नावावर करून घेण्यासाठी कब्जेहक्काची रक्कम भरायची ती वतनदारानेच. दोन्ही गोष्टी सारख्या नाहीत. तरी मुक्ती देताना हिशेब कोणाच्या बाजूने मांडला जातो, हा प्रश्न दोन्हीकडे एकच आहे. फ्रान्सने 2001 मध्ये कायदा करून गुलामांचा व्यापार आणि गुलामगिरी हा मानवतेविरुद्धचा गुन्हा मानला. त्यासाठी तिथल्या काळ्या नागरिकांना मोर्चे काढावे लागले, हेही लक्षात ठेवायला हवे.

नांतहून बोर्दो आणि तिथून सँत-फ्वा-ला-ग्रांद या छोट्या स्टेशनापर्यंत रेल्वेने गेलो. पुढे द्राक्षमळे, सूर्यफुलाची शेते आणि मनुक्यांसाठी लावलेल्या आलुबुखाराच्या बागा. या भागात प्लम व्हिलेज आहे. व्हिएतनामी भिक्खू थिच न्हात हान्ह आणि सिस्टर चान खोंग यांनी 1982 मध्ये जुनी शेतघरे घेऊन ते सुरू केले. सुरुवातीला आलुबुखाराची 1250 झाडे लावली. बुद्धाच्या पहिल्या भिक्खुसंघाची परंपरेने सांगितली जाणारी संख्या तीच.

आपल्याकडे विपश्यना की चळवळ, असा वाद विहाराविहारात चालतो. तो आमच्या गटातही झाला. घंटा वाजली की हातातले काम थांबवून श्वासाकडे लक्ष द्यायचे, भाजीच्या वाफ्यात मौनाने खुरपणी करायची, हे दोन दिवस चांगले वाटले. तिसऱ्या दिवशी एका विद्यार्थिनीने विचारले, यात अन्यायाविरुद्ध लढणे कुठे आहे? प्रश्न बरोबर होता, पण उत्तर शोधायला व्हिएतनामच्या इतिहासात जावे लागते. थिच न्हात हान्ह यांनी 1960 च्या दशकात युद्धात होरपळलेल्या खेड्यांत तरुण स्वयंसेवकांकडून शाळा, दवाखाने आणि घरे बांधून घेतली. बाँबने उद्ध्वस्त झालेली गावे पुन्हा उभी केली. 1966 मध्ये शांततेची मागणी घेऊन ते परदेशी गेले आणि मायदेशाची दारे त्यांच्यासाठी जवळपास चाळीस वर्षे बंद झाली. 'एंगेज्ड बुद्धिझम' म्हणजे समाजात उतरलेला धम्म, ही कल्पना त्या खेड्यांतून आली. युरोपातला नोकरदार माणूस इथे मनाचा थकवा घालवायला येतो, त्यात गैर काही नाही. फक्त त्या घंटेमागे जळालेली गावे आहेत, हे त्याला कोणीतरी सांगायला हवे.

तिथून तासाभराच्या अंतरावर सँत-लिव्राद नावाचे गाव आहे. प्लम व्हिलेज पाहायला जगभरातून माणसे येतात, इथे फारसे कोणी येत नाही. आमच्या मते दौऱ्यातले सर्वात महत्त्वाचे ठिकाण हेच होते. फ्रान्स 1954 मध्ये व्हिएतनाममध्ये हरला. त्यानंतर ज्या कुटुंबांचे नाते फ्रेंच सैन्याशी किंवा प्रशासनाशी होते, ज्यांची आई व्हिएतनामी आणि वडील फ्रेंच होते, अशांना जहाजाने आणले गेले. 1956 पासून अशा हजाराहून अधिक लोकांना इथल्या जुन्या छावणीच्या बराकींत ठेवले. त्यांत निम्म्याहून जास्त मुले होती. कागदावर हे सारे फ्रेंच नागरिक. प्रत्यक्षात पातळ भिंतींच्या बराकी आणि आजूबाजूच्या शेतांत शेंगा तोडण्याची मजुरी. 1959 मध्ये एक नियम आला: घरात संपन्नतेची बाह्य खूण दिसली तर कुटुंबाला छावणीतून काढता येईल. तात्पुरती म्हणून केलेली सोय पन्नास वर्षे चालली. अलीकडे बहुतेक बराकी पाडून नवी घरे बांधली आहेत.

संपन्नतेची खूण दिसू नये, हा नियम ऐकल्यावर आमच्यातल्या मुली एकमेकींकडे पाहू लागल्या. कोणी कोणत्या धातूचे दागिने घालायचे, लुगडे कसे नेसायचे, यावर आपल्या आज्यांना काय बंधने होती आणि 1927 मध्ये महाडला बाबासाहेबांनी स्त्रियांना ती झुगारायला का सांगितले, हे त्यांना वेगळे समजावण्याची गरज पडली नाही. याच लोकांनी बराकीतच बुद्धाची जागा केली, सण पाळले, भाषा टिकवली. आपल्याकडे वस्तीतल्या पत्र्याच्या खोलीत विहार सुरू होते तसेच.

लार्झाकला एकच दिवस होता. तिथे लष्करी तळ 3 हजारांवरून 17 हजार हेक्टरांवर नेण्याची योजना 1971 मध्ये जाहीर झाली. 103 शेतकऱ्यांनी जमीन विकणार नाही अशी शपथ घेतली आणि दहा वर्षे अहिंसक लढा दिला. मेंढ्या थेट आयफेल टॉवरखाली नेऊन सोडल्या. 1981 मध्ये सरकार बदलले आणि योजना मागे घेतली गेली. लक्ष देण्यासारखी गोष्ट पुढची आहे. सरकारने आधीच घेतलेली जमीन वाटून टाकली नाही. ती शेतकऱ्यांच्या सामायिक संस्थेकडे दीर्घ मुदतीच्या पट्ट्याने आली. जो कसतो त्याने निवृत्त होईपर्यंत वापरायची, विकायची नाही. दादासाहेब गायकवाडांच्या भूमिहीन सत्याग्रहाचा वारसा सांगणाऱ्या आपल्या कार्यकर्त्यांनी या पद्धतीचा स्वतंत्र अभ्यास करावा. गायरान जमिनीचे पट्टे नावावर झाल्यावर ती जमीन हातात कशी टिकवायची, या आपल्या अडचणीवर तिथे एक उत्तर वापरात आहे.

शेवटचे तीन दिवस पॅरिसच्या उत्तरेला सँ-दनीमध्ये राहिलो. अल्जेरिया, मोरोक्को, माली अशा जुन्या वसाहतींतून आलेल्या कुटुंबांची ही उपनगरे. इथे फ्रेंच समतेचा सर्वात अवघड भाग समोर येतो. फ्रान्सचे संविधान मूळ, वंश वा धर्म यांचा भेद न करता सर्वांना समान मानते. म्हणून सरकार जनगणनेत वंश किंवा धर्म विचारतच नाही. 2007 मध्ये तिथल्या संविधान परिषदेनेही वांशिक मूळ हा आकडेवारीचा आधार करण्यास नकार दिला. विचार उदात्त वाटतो. पण एकसारख्या शिक्षणाचे दोन नोकरीअर्ज, एकावर फ्रेंच वळणाचे नाव आणि दुसऱ्यावर अरबी नाव, असे पाठवून केलेल्या चाचण्यांत दुसऱ्याला कमी बोलावणी येतात. भेदभाव आहे, पण सरकारी आकडा नाही. आकडा नसला की धोरणही आखता येत नाही. इथल्या मुलांना सवलती मिळतात त्या वस्तीच्या नावाने, म्हणजे गरीब भाग म्हणून, कारण दुसरे नाव घ्यायची सोय नाही.

आपल्याकडे जातनिहाय गणनेवर 'जाती मोजल्या तर जाती वाढतील' हा आक्षेप घेतला जातो. तो घेणाऱ्यांना सँ-दनी दाखवावे असे आम्हाला वाटते. धर्माच्या रकान्यात 'बौद्ध' असेच लिहा, म्हणून आपले कार्यकर्ते दर जनगणनेत घरोघरी का फिरतात, हेही इथे नव्याने कळते. 2011 मध्ये देशात सुमारे 84 लाख बौद्ध नोंदले गेले, त्यांपैकी सुमारे 65 लाख महाराष्ट्रात. फ्रान्समध्ये किती बौद्ध आहेत याची सरकारी मोजदादच नाही.

जाणाऱ्या पुढच्या गटांसाठी काही गोष्टी. दया पवारांचे 'बलुतं' आणि बेबीताई कांबळे यांचे 'जिणं आमचं' ही दोन्ही पुस्तके फ्रेंचमध्ये आली आहेत. पुण्यात स्थायिक झालेल्या गी प्वातव्हँ यांनी ती भाषांतरित केली. तिथल्या विद्यार्थ्यांना भेटण्याआधी त्यांना ती वाचायला सांगा, बोलणे लवकर सुरू होते. ज्यांना तिथे शिकायला जायचे आहे त्यांनी लक्षात घ्यावे की 2019 पासून युरोपबाहेरच्या विद्यार्थ्यांचे सरकारी विद्यापीठांतले शुल्क वाढले आहे. अनुसूचित जाती आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी राज्य शासनाची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे. तिची जाहिरात निघाल्यावर धावपळ करण्यापेक्षा प्रवेशपत्र आणि जातपडताळणी आधीच करून ठेवावी. आणि निदान सहा महिने फ्रेंच शिकून जावे. सँत-लिव्रादच्या म्हाताऱ्या बायका इंग्रजी बोलत नाहीत.