डब्यावर नाव नाही, पावती नाही

पार्ल्याहून निघणाऱ्या जेवणाच्या डब्याचे झाकण कधी निरखून पाहिले आहे का, वाचकहो? त्यावर धन्याचे नाव नसते, पत्ता तर नसतोच. डबेवाल्यांवर लिहिणाऱ्यांनी नमुना म्हणून वारंवार छापलेली खूण आमच्या पार्ल्याचीच आहे. व्ही. एल. पी. म्हणजे विलेपार्ले, ई म्हणजे डबा उचलणारा गडी, ३ हा पोहोचवायच्या भागाचा आकडा, ९ तिथे वाटणाऱ्या गड्याचा, ई एक्स ही नरिमन पॉइंटची एक्सप्रेस टॉवर्स इमारत आणि १२ तिचा मजला. एवढ्या भांडवलावर डबा चार-पाच हातांतून जातो आणि कोणी कोणाची सही घेत नाही!

मी उमेदवारी केली ती कचेरी (नाव कशाला सांगू?) अगदी उलट. तिथे पेन्सिलीसुद्धा कुलुपात. नवी हवी तर जुनीचे थोटूक हजर करा. झाले असे की, मंडळी थोटकांचा साठा करू लागली. मस्टरवर साडेदहाच्या ठोक्याला सही, मग खुर्चीवर कोट टांगून सारे चहाला. साहेबांची सगळी अक्कल पहाऱ्यात खर्च होई आणि आमची तो चुकवण्यात.

डबेवाल्यांवर पहारा नाही असे मात्र कोणी समजू नये. १८९०च्या सुमारास महादू हावजी बच्चे यांनी हा धंदा उभा केला. १९५६ साली त्याची रीतसर संस्था झाली. पण खरा कारभार टोळीचा. बहुतेक गडी मावळ, मुळशी, खेड, आंबेगाव, जुन्नर इकडचे. नव्या गड्याबद्दल आधी कोणीतरी जुन्याने शब्द द्यायचा. काही काळ पगारावर काम, मग पैसे भरून भागीदारी. मुकादमही डबे वाहतो. कमाई टोळीत सारखी वाटली जाते, म्हणून एकाने गिऱ्हाईक तोडले की सगळ्यांच्या वाट्याला खोट. डोक्यावर टोपी नसली तरी दंड! आणि ज्याने शब्द दिला त्याला गावी तोंड दाखवायचे असते, हा धाक कोणत्या मस्टरात बसतो?

या विश्वासाला दारही अरुंद आहे, हे कबूल केले पाहिजे. ज्याच्यासाठी शब्द टाकणारा कोणी नाही, तो कितीही प्रामाणिक असो, टोळीत शिरणार कसा? आमच्या कचेरीत निदान जाहिरात वाचून कोणालाही अर्ज करता येई.

मार्च २०२० मध्ये लोकल बंद झाल्या आणि कचेऱ्याही. त्याआधी पाच हजारांच्या आसपास डबेवाले दिवसाला दोनेक लाख डबे पोहोचवीत. गाड्या पुन्हा धावू लागल्या, तरी डबे पूर्वीइतके परतले नाहीत. कितीतरी माणसे दुसऱ्या कामाला लागली.

मला चिंता वाटते ती बदली गड्याची. कोणी आजारी पडला तर त्याची लाईन सांभाळायला टोळीत एखाद-दुसरा जादा माणूस ठेवण्याची रीत आहे. त्याचा वाटा सगळ्यांच्या कमाईतून निघतो. वीस जणांच्या टोळीला तो जड होत नाही. टोळी आठांवर आली की पहिली काटछाट त्याचीच होणार. आणि मग पार्ल्यात एकाला ताप आला, तर नरिमन पॉइंटच्या बाराव्या मजल्यावर कोणीतरी उपाशी बसेल.